डाखाऊच्या नोंदी वर्गात सांगाव्यात का?

शिशिरपालवी

नमस्कार.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हृदय, श्वसन आणि मेंदू यांवर काय परिणाम होतात, हा भाग प्रथम वर्षाला शिकवावा लागतो. थंडगार पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो हे मुळात कळले कसे, असे या वेळी एका विद्यार्थ्याने विचारले. त्यावर दुसऱ्याने लगेच सांगितले की नाझी डॉक्टरांनी डाखाऊच्या छळछावणीत ते कैद्यांवर करून पाहिले होते. पुढे तो जे म्हणाला त्यासाठी हा धागा काढला आहे. जे झाले ते भयंकरच होते, पण निदान त्यातून ज्ञान तरी मिळाले; आता ते वापरायचे नाही म्हटले तर त्या माणसांचे मरण वाया जाईल, असे त्याचे म्हणणे होते, आणि वर्गातील बऱ्याच जणांना ते पटलेले दिसले.

मला ते पटलेले नाही. मात्र "हे अमानुष होते" एवढेच सांगून विषय मिटवला तर मुले मान डोलावतील आणि मनातले मत तसेच ठेवतील, हेही मला ठाऊक आहे. ही मुले उद्या स्वतः संशोधन करणार आहेत, त्यामुळे त्यांना नीट, पुराव्यानिशी उत्तर मिळायला हवे असे मला वाटते.

मला ठाऊक असलेला तपशील थोडक्यात असा आहे. समुद्रात कोसळणाऱ्या वैमानिकांना वाचवण्याचा मार्ग शोधायचा म्हणून जर्मन हवाई दलासाठी ऑगस्ट १९४२ ते मे १९४३ या काळात डाखाऊला हे प्रयोग झाले. कैद्यांना उड्डाणाच्या पोशाखात किंवा विवस्त्र करून बर्फ घातलेल्या पाण्याच्या हौदात ठेवले जाई, त्यांच्या शरीराचे तापमान सतत नोंदले जाई आणि मग निरनिराळ्या उपायांनी त्यांना पुन्हा ऊब दिली जाई. काहींना हिवाळ्यात तासन् तास उघड्यावर नग्न उभे केले जाई. सुमारे ३०० कैदी यासाठी वापरले गेले आणि त्यांतील ८० ते ९० जण प्रयोगादरम्यानच मेले, असे युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर चाललेल्या खटल्यातील साक्षीवरून दिसते. प्रयोगांचा सूत्रधार झिगमुंड राशर हा एसएस या नाझी निमलष्करी संघटनेचा प्रमुख हाइनरिख हिमलर याच्या मर्जीतला डॉक्टर होता.

माझा मुख्य प्रश्न असा, की हा विदा (प्रयोगांतून नोंदलेली माहिती) शास्त्र म्हणून खरोखर उभा राहतो का. तो उभा राहत असेल तर विद्यार्थ्याला काय सांगावे, आणि राहत नसेल तर "ज्ञान तरी मिळाले" हा समज इतकी वर्षे टिकला कसा? ज्यांनी या विषयाचे सविस्तर वाचन केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुने_कागद

नमस्कार ताई. न्यूरेंबर्गच्या वैद्यकीय खटल्याचे कागद मी बऱ्याच काळापासून वाचतो आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नावर जरा विस्ताराने लिहितो.

तो विदा उभा राहत नाही. हा निष्कर्ष नैतिक संतापातून आलेला नाही. तो कागदपत्रांच्या तपासणीतून निघाला आहे. रॉबर्ट बर्गर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डाखाऊच्या शीतप्रयोगांची चिकित्सा प्रसिद्ध केली. बर्गर स्वतः लहानपणी हंगेरीतील ज्यूसंहारातून वाचलेले होते, तरीही त्यांनी मूळ अहवाल कोणत्याही शोधनिबंधाप्रमाणे तपासला. प्रयोगाची कोणतीही शिस्तशीर आखणी त्यांना आढळली नाही. कैद्यांचे वय, वजन आणि पोषणाची अवस्था या गोष्टींची धड नोंद नव्हती, एकंदर प्रयोग किती आणि मृत्यू किती याचे आकडे वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळे होते, आणि मरणाला किती वेळ लागला याबद्दल अहवालाचा मजकूर एक सांगत होता तर त्याच्या जोडपत्रांतील नोंदी दुसरेच. रक्तदाबासारखी मूलभूत मापे तर घेतलेलीच नव्हती.

यात आपल्यासारख्या शिक्षिकेने वर्गात आवर्जून सांगावी अशी आणखी एक बाब आहे. ज्यांच्यावर प्रयोग झाले ती माणसे उपाशी, आजारी आणि भयाने खचलेली होती. चरबी आणि स्नायू झिजलेल्या शरीराचे तापमान ज्या वेगाने उतरते, त्यावरून नुकत्याच जेवलेल्या, धडधाकट, तरुण वैमानिकाबद्दल काय अनुमान काढणार? म्हणजे ज्या प्रश्नासाठी ही माणसे मारली गेली, त्याच प्रश्नाचे उत्तर या नोंदींतून मिळण्यासारखे नव्हते.

गार पडलेल्या माणसाला कोमट-गरम पाण्यात बुडवून झटपट ऊब द्यावी, हा या प्रयोगांचा मोठा शोध म्हणून सांगितला जातो. परंतु ही कल्पना नवी नव्हती. १८८० सालीच एका रशियन डॉक्टरने कुत्र्यांवरील प्रयोगांतून तीच सुचवली होती.

राशर स्वतः कोण होता हेही पाहण्यासारखे आहे. १५ मे १९४१ रोजी त्याने हिमलरला पत्र लिहून उंचीवरील विरळ हवेच्या प्रयोगांसाठी कैदी मागितले. माकडांवर ते प्रयोग समाधानकारक होत नाहीत आणि या प्रयोगांत माणसे मरू शकतात, हे त्याने त्या पत्रात उघड लिहिले होते. कैदी आनंदाने उपलब्ध करून दिले जातील, असे उत्तर त्याला आले. त्यानुसार मार्च १९४२ पासून डाखाऊमध्ये हवाई दलाचा कमी दाबाचा कक्ष आणून सुमारे २०० कैद्यांवर प्रयोग झाले आणि त्यांतील ७० ते ८० जण मेले. याच कामावर विद्यापीठात अध्यापनाची पात्रता मिळवण्याची राशरची धडपड चालू होती, पण गुप्ततेमुळे प्रबंध उघडपणे सादर करता येत नव्हता आणि एकामागून एका विद्यापीठाने तो टाळला. पुढे त्याने आणि त्याच्या पत्नीने दुसऱ्यांची मुले पळवून आपली म्हणून दाखवल्याचे उघडकीला आले, १९४४ मध्ये त्याला अटक झाली आणि एप्रिल १९४५ मध्ये डाखाऊमध्येच एसएसने त्याला गोळी घातली. जो माणूस आपल्या वरिष्ठांना स्वतःच्या अपत्यजन्माबद्दल खोटे सांगत होता, त्याच्या आकडेवारीवर आपण विसंबायचे का, हा प्रश्न बर्गर यांनीही उपस्थित केला आहे.

समज टिकला कसा, याचे उत्तर १९४५ मध्ये आहे. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर लिओ अलेक्झांडर यांनी युद्ध संपताच या प्रयोगांवर अहवाल लिहिला, आणि त्या पहिल्या अहवालात निष्कर्ष ग्राह्य असल्याचा सूर होता. त्यांचे मत पुढे बदलले आणि खटल्यात त्यांनीच अभियोग पक्षाला मदत केली. पण पहिला अहवाल तोवर सर्वत्र पोहोचला होता. नंतरच्या शोधनिबंधांनी एकमेकांचे संदर्भ घेतले, मूळ नोंदी कोणी तपासल्या नाहीत, आणि डाखाऊचा आकडा पाठ्यपुस्तकी आकडा होऊन बसला.

रेवतीनक्षत्र

वरचा प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. मी त्याला राव्हेन्सब्रुकची जोड देऊ इच्छिते, कारण डाखाऊचे नाव सर्वांना माहीत असते आणि स्त्रियांच्या या छावणीबद्दल मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये राइनहार्ड हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला आणि ४ जून रोजी जखमेतील संसर्गाने तो मेला. त्याच्या उपचारांची देखरेख कार्ल गेबहार्ट या एसएसच्या शल्यचिकित्सकाकडे होती. त्या वेळी नव्याने आलेली सल्फा औषधे पुरेशी वापरली असती तर हायड्रिख वाचला असता, असा ठपका गेबहार्टवर आला. ही औषधे अशा जखमांत फारशी उपयोगी नाहीत हे सिद्ध करणे ही त्याची वैयक्तिक गरज झाली. म्हणजे प्रयोगातून कोणता निष्कर्ष निघायला हवा हे ठरवूनच प्रयोग करणारा शस्त्रक्रियागृहात शिरत होता. विद्यार्थ्यांना हे एवढेच सांगितले तरी पुरे व्हावे.

१९४२ च्या उन्हाळ्यात आधी काही पुरुष कैद्यांवर आणि मग राव्हेन्सब्रुकमधील स्त्रियांवर हे प्रयोग सुरू झाले. त्यांत ७४ पोलिश राजकीय कैदी होत्या. बऱ्याच जणी लुब्लिनच्या, प्रतिकार चळवळीत पकडलेल्या, आणि कित्येक तर अगदी विशीतल्या विद्यार्थिनी. त्यांच्या पोटऱ्या चिरून जखमेत जंतू, लाकडाचा भुसा आणि काचेचे तुकडे घातले गेले आणि रणांगणावरच्या जखमेसारखी स्थिती व्हावी म्हणून रक्तवाहिन्या बांधल्या गेल्या. दुसऱ्या एका मालिकेत हाडे, स्नायू आणि मज्जातंतूंचे तुकडे काढले गेले. पाच जणी या शस्त्रक्रियांमुळे मेल्या. सहा जणींना जखमा भरत असतानाच गोळ्या घालण्यात आल्या. गेबहार्टचा साहाय्यक फ्रिट्झ फिशर आणि डॉक्टर हेर्टा ओबरहॉयझर हे या कामात रोज हजर असत.

या स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वाधिक सांगण्याजोगी गोष्ट ती आहे. घरी पाठवायच्या अधिकृत पत्रांच्या ओळींमध्ये त्यांनी लघवीने गुप्त मजकूर लिहिला. कागदाला उष्णता दिली की तो उमटे. अशा रीतीने शस्त्रक्रिया झालेल्यांची नावे आणि तारखा १९४३ पासून छावणीबाहेर पोहोचू लागल्या. मार्च १९४३ मध्ये त्यांनी छावणीच्या प्रमुखाकडे लेखी निषेध नोंदवला आणि कुबड्यांच्या आधाराने चालत जाऊन, कोणत्या न्यायनिवाड्यानुसार आमच्यावर शस्त्रक्रिया होत आहेत, असा जाब विचारला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काही जणींनी पुढच्या शस्त्रक्रियेला साफ नकार दिला, तेव्हा त्यांना तुरुंगाच्या कोठडीत बळजबरीने, पायांवरचा मळही न धुता, भूल देऊन चिरण्यात आले. फेब्रुवारी १९४५ मध्ये उरलेल्या सगळ्यांना मारून पुरावा नष्ट करण्याचा बेत होता. तेव्हा छावणीतील इतर स्त्रियांनी त्यांना वेगवेगळ्या बराकींत, मेलेल्या कैद्यांच्या क्रमांकांखाली लपवले.

डिसेंबर १९४६ मध्ये त्यांतील चौघी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात उभ्या राहिल्या: यादविगा जिदो, मारिया ब्रोएल-प्लाटर, मारिया कुश्मेरचुक आणि व्लादिस्लावा कारोलेव्स्का. यादविगा जिदो यांचा पाय न्यायाधीशांना दाखवून त्याच लिओ अलेक्झांडर यांनी जखमेचा अर्थ सांगितला.

ताई, आपल्या विद्यार्थ्याने "त्या माणसांचे मरण" असे म्हटले. राव्हेन्सब्रुकच्या बहुतेक जणी जगल्या, आणि त्यांच्यासाठी प्रयोग १९४५ ला संपला नाही. पोलंडशी राजनैतिक संबंध नाहीत या कारणावरून पश्चिम जर्मनीने त्यांना नुकसानभरपाई नाकारली. १९५८ च्या अखेरीस अमेरिकी कार्यकर्त्या कॅरोलाइन फेरिडे आणि संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या पुढाकाराने त्यांतील ३५ जणी उपचारांसाठी अमेरिकेत नेल्या गेल्या, तेव्हा कुठे जर्मन सरकार हलले. दुसरीकडे हेर्टा ओबरहॉयझरला वीस वर्षांची शिक्षा झाली होती, पण १९५२ मध्येच ती सुटली आणि उत्तर जर्मनीतल्या श्टॉकझे या गावी दवाखाना थाटून बसली. राव्हेन्सब्रुकमधून वाचलेल्या एका स्त्रीने तिला ओळखले आणि त्यानंतर झालेल्या आंदोलनामुळे १९५८ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली सहा वर्षे ती रुग्ण तपासत होती.

तटबंदी

मी आपत्कालीन वैद्यकशास्त्रात काम करतो. वरील दोन्ही प्रतिसादांतील तपशिलांबद्दल माझी तक्रार नाही, परंतु युक्तिवादाच्या मांडणीबद्दल एक गंभीर शंका आहे आणि ती स्पष्टपणे मांडतो.

"विदा निकृष्ट होता, म्हणून तो वापरू नये" असे आपण शिकवले, तर विदा उत्कृष्ट असता तर वापरायला हरकत नव्हती असा त्याचा दुसरा अर्थ होतो. हुशार विद्यार्थी तो काढणारच. आणि सगळे प्रयोग राशरसारख्या भोंदूने केले होते असेही नाही. क्लाउस शिलिंग हे रॉबर्ट कॉख संस्थेत उष्णकटिबंधीय रोगांच्या विभागाचे प्रमुख राहिलेले, मलेरियावर आयुष्य घालवलेले संशोधक होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी डाखाऊमध्ये हजाराहून अधिक कैद्यांना मलेरियाची लागण करून औषधे तपासली, आणि युद्धानंतरच्या खटल्यात आपले निष्कर्ष लिहून पूर्ण करण्याची मुभा त्यांनी न्यायालयाकडे मागितली. १९४६ च्या मे महिन्यात त्यांना फाशी झाली. त्यांना स्वतःच्या कामाचे शास्त्रीय मूल्य खरेच वाटत होते आणि तेच मला अधिक अस्वस्थ करते.

गेरहार्ड रोझ यांचे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. मे १९४३ मध्ये बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत सल्लागार डॉक्टरांची परिषद भरली होती. गेबहार्ट आणि फिशर यांनी राव्हेन्सब्रुकचे निष्कर्ष तिथेच सादर केले आणि श्रोत्यांतून निषेधाचा शब्द निघाला नाही. त्याच परिषदेत बुखेनवाल्डच्या छळछावणीतील टायफसच्या (उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) प्रयोगांवर मात्र रोझ यांनी उठून जाहीर आक्षेप घेतला. पुढे काही महिन्यांतच एक नवी लस बुखेनवाल्डमध्ये तपासून पाहावी अशी शिफारस त्याच रोझ यांनी केली, आणि कैद्यांना टायफसची लागण करून ती तपासली गेली. ज्याला चूक कळत होती, त्यानेच उपयोगी उत्तर हवे झाल्यावर कैदी मागितले.

म्हणून ताईंनी वर्गात दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मी सुचवतो. नोंदी विश्वसनीय आहेत की नाहीत हा एक प्रश्न, आणि विश्वसनीय असल्या तरी त्यांवर आपला हक्क पोहोचतो का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत फॉस्जीन या विषारी वायूवरील अहवालाच्या मसुद्यात नाझी प्रयोगांचा विदा घेतला गेला होता. संस्थेतल्याच शास्त्रज्ञांनी लेखी हरकत घेतल्यावर प्रमुख ली थॉमस यांनी तो काढायला लावला. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट पोझोस यांना डाखाऊच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध करायचे होते. 'न्यू इंग्लंड जर्नल'चे संपादक आर्नोल्ड रेलमन यांनी नकार दिला. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात बुडणाऱ्या खलाशांसाठी पोशाख तयार करणाऱ्या एका संशोधकाने मात्र या नोंदी वापरल्या. त्या वापरायला नको वाटते, पण अशा नोंदी दुसऱ्या नाहीत आणि नीतिमान जगात पुन्हा कधी मिळणारही नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. मी या संशोधकाला सहज दोषी ठरवू शकत नाही. समुद्रातून ओढून काढलेला, नाडी जेमतेम लागणारा माणूस समोर असताना कोणतीही माहिती टाकून द्यावीशी वाटत नाही.

जुने_कागद

तटबंदी, आपला मुद्दा मान्य आहे. नोंदी चांगल्या असत्या तरी ते खूनच होते, आणि माझा प्रतिसाद त्याला पर्याय म्हणून वाचला जाऊ नये. मात्र व्हिक्टोरियाच्या संशोधकाच्या उदाहरणाला एक गोष्ट जोडतो. त्याने नोंदी घेतल्या तेव्हा बर्गर यांची चिकित्सा प्रसिद्ध झालेली नव्हती. गार पाण्यातून काढलेल्या माणसाला कसे सांभाळावे याबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, ते अपघातांतून वाचलेल्यांच्या रुग्णालयीन नोंदींवरून, हृदयशस्त्रक्रियेत मुद्दाम थंड केलेल्या शरीरांच्या अनुभवावरून आणि स्वखुशीने आलेल्या, हवे तेव्हा पाण्याबाहेर येऊ शकणाऱ्या स्वयंसेवकांवरील मर्यादित प्रयोगांवरून आले आहे. रुग्णाचा जीव की नैतिक शुद्धता, असा पेच डाखाऊच्या बाबतीत प्रत्यक्षात आपल्यासमोर नाही.

शिशिरपालवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेरहार्ड रोझ यांच्याबद्दल मी प्रथमच वाचते आहे, आणि माझ्या वर्गासाठी तेच उदाहरण सर्वांत उपयोगी पडेल असे वाटते, कारण राशर हा आपल्यापैकी नव्हे असे म्हणून विद्यार्थी त्याला सहज दूर ठेवू शकतात.

आणखी एक शंका राहते. त्या काळी संमतीची कल्पनाच रुजलेली नव्हती, माहितीपूर्ण संमती ही न्यूरेंबर्गनंतरची गोष्ट आहे, असे एका सहकाऱ्यांनी मला सांगितले. हे कितपत बरोबर आहे?

नियमावली

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर नाही, आणि हा गैरसमज डॉक्टरांमध्ये इतका पसरला आहे की त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. मी स्वतः एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर काम करते, तेथेही हे विधान अधूनमधून ऐकू येते.

मानवी प्रयोगांबाबत त्या काळातील जगात बहुधा सर्वांत स्पष्ट नियम जर्मनीतच होते. अल्बर्ट नायसर या ब्रेस्लाउच्या प्राध्यापकाने वेश्यांना न सांगता उपदंशाच्या रुग्णांचा रक्तद्रव टोचल्याचे उघड झाल्यावर प्रशियाच्या सरकारने डिसेंबर १९०० मध्ये आदेश काढला. उपचाराखेरीज अन्य हेतूने केलेला हस्तक्षेप अल्पवयीन व्यक्तीवर किंवा नीट समजावून सांगून घेतलेल्या संमतीवाचून करू नये, असे त्यात होते. पुढे १९३० मध्ये ल्युबेक येथे क्षयाची लस देताना तिच्यात जिवंत, घातक जंतू मिसळले जाऊन सत्तरहून अधिक अर्भके दगावली. त्या धक्क्यानंतर २८ फेब्रुवारी १९३१ रोजी जर्मनीच्या केंद्रीय गृहखात्याने नवीन उपचार आणि मानवी प्रयोग यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. नि:संदिग्ध संमती, आधी प्राण्यांवर चाचणी, प्रत्येक प्रयोगाची लेखी नोंद, गरिबीचा गैरफायदा घेण्यास मनाई, मरणासन्न व्यक्तींवर प्रयोग करण्यास मनाई, हे सारे त्यात आहे.

या नियमांसाठी जर्मन संसदेत सर्वाधिक आवाज उठवणारे युलियुस मोझेस स्वतः डॉक्टर होते, समाजवादी लोकप्रतिनिधी होते आणि ज्यू होते. १९४२ मध्ये, म्हणजे डाखाऊचे हौद भरले जात होते त्याच वर्षी, ते टेरेझियनश्टाट येथील नाझी छावणीत मरण पावले.

१९३१ चे नियम कोणी औपचारिकपणे रद्द केले नव्हते. तेव्हाच्या जर्मन डॉक्टरांना ते अज्ञात होते असेही म्हणता येत नाही, आणि त्यांतील जवळपास निम्मे डॉक्टर नाझी पक्षात सामील झाले होते. विशेष म्हणजे नोव्हेंबर १९३३ मध्ये नाझी सरकारने प्राणिसंरक्षणाचा कायदा करून प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या छळावर निर्बंध घातले होते. त्यामुळे माझे ठाम मत असे, की उणीव नियमांची नव्हती. ज्याला नियम लागू होतो अशा माणसांच्या यादीतूनच ज्यू, रोमा, पोलिश आणि रशियन कैद्यांना वगळले गेले होते.

न्यूरेंबर्गचा वैद्यकीय खटला ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाला. २३ आरोपींपैकी २० डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये १६ जण दोषी ठरले आणि गेबहार्टसह सात जणांना २ जून १९४८ रोजी लांड्सबर्गच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. बचाव पक्षाचा सर्वांत अडचणीचा युक्तिवाद असा होता, की अमेरिकेनेही इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात शेकडो कैद्यांना मलेरियाची लागण केली आहे. तेथील कैद्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या, हा फरक खरा आणि मोठा आहे. परंतु बंदिवानाची सही कितपत मोकळी असते हा प्रश्न त्यामुळे पुढे आला आणि तो आजही सुटलेला नाही.

या प्रश्नाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जानेवारी १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या आपल्या खोलीत तयार केलेली प्लेगची लस १० तारखेला स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. हाफकिन यांची तुलना डाखाऊशी करणे सर्वस्वी अन्यायाचे होईल: तुरुंगात प्लेग आधीच पोहोचला होता, लस कैद्यांच्या रक्षणासाठी होती, आणि ती प्रथम सहन केली ती त्यांनी स्वतः. तरीही आजच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रस्ताव आला असता तर आम्ही बराच वेळ त्यावर खल केला असता, आणि तो करायलाच हवा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे कैद्यांना असुरक्षित गटात धरतात, ती याच कारणासाठी.

आता वर्गात काय करावे याबद्दल. डाखाऊचे तापमान-आलेख फळ्यावर काढू नयेत असे मला वाटते; जुने_कागद यांनी दाखवल्याप्रमाणे ते शास्त्र म्हणूनही निरुपयोगी आहेत. पण डाखाऊचे नाव टाळूही नये. 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये वैद्यक आणि नाझी राजवट यांवरील अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हा इतिहास जगभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत शिकवावा अशी शिफारस आहे. जर्मन डॉक्टरांच्या राष्ट्रीय परिषदेने बळींची अधिकृत क्षमा मागितली ती थेट मे २०१२ मध्ये, हेही विद्यार्थ्यांना कळू द्यावे.

माझी सूचना अशी की १९३१ च्या तत्त्वांचा सारांश, न्यूरेंबर्ग संहितेची (या खटल्याच्या निकालात घातलेल्या मानवी प्रयोगांच्या नियमांची) दहा कलमे आणि आपल्याच रुग्णालयात सध्या वापरात असलेले मराठी संमतीपत्र, असे तीन कागद विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवावेत. संहितेच्या नवव्या कलमानुसार, पुढे चालू ठेवणे शरीराला किंवा मनाला अशक्य वाटले तर प्रयोग थांबवण्याचे स्वातंत्र्य त्या व्यक्तीला असले पाहिजे. हे कलम वाचताना रेवतीनक्षत्र यांनी सांगितलेला ऑगस्ट १९४३ चा नकार विद्यार्थ्यांना जरूर सांगा. मग आपल्या संमतीपत्रात माघार घेण्याचा हक्क कोणत्या पानावर, किती सोप्या मराठीत लिहिला आहे आणि माघार घेतली तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील असे रुग्णाला स्पष्ट सांगितले आहे का, हे त्यांनाच शोधायला लावा. आमच्या कमिटीकडे येणाऱ्या अर्जांपैकी सर्वाधिक परत जातात ते याच एका परिच्छेदासाठी.